या चुका टाळा : वर्गात प्रकाशाचे प्रयोग का फसतात?

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळेच्या कपाटातून आरसे, मेणबत्त्या आणि काचेच्या चिपा बाहेर निघतात. प्रयोग मांडला जातो, पण दिसायचं ते दिसत नाही. मग "असं दिसायला पाहिजे होतं" असं सांगून वेळ मारून नेली जाते आणि मुलं पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवतात. यात दोष मुलांच्या समजेचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा मांडणीतच कुठेतरी खोट असते, आणि ती दहा मिनिटांत काढता येते.

उजेडात किरण शोधू नका

खिडक्या उघड्या ठेवून टॉर्चचा किरण कागदावर दिसणार नाही. दाराखिडक्यांवर सतरंज्या टांगा. पूर्ण काळोख लागत नाही, पण टेबलावर थेट उजेड येता कामा नये. काळ्या कागदात साधारण १ मिलिमीटर रुंदीची फट ब्लेडने कापा आणि मोबाईलचा टॉर्च फटीपासून ३०-४० सेंटिमीटर मागे ठेवा. अगदी जवळ धरला तर किरण पंख्यासारखा फाकतो आणि कोन मोजायला रेघच सापडत नाही. काही मोबाईलमध्ये टॉर्चचे दोन दिवे असतात, त्यामुळे प्रत्येक किरण दुहेरी दिसतो. एकावर इन्सुलेशन टेप लावली की झालं.

तीन पुठ्ठे आणि खाली जाणारी ज्योत

प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवायला तीन पुठ्ठ्यांना वेगवेगळी भोकं पाडली तर ती एका रेषेत येतच नाहीत. तिन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवून चिमट्याने आवळा आणि दाभणाने एकदाच आरपार भोक पाडा. १०-१० सेंटिमीटरवर उभे करा, भोकांतून दोरा ओवून ताणा, रेष जुळली की दोरा काढा. दुसरी अडचण मेणबत्तीची. ती जळत जाते तशी ज्योत भोकाच्या खाली उतरते आणि पंधरा मिनिटांपूर्वी जमलेला प्रयोग दुसऱ्या गटाला जमत नाही. खाली लाकडी ठोकळे सरकवत राहा, नाहीतर सरळ टॉर्च घ्या. पंखा तर बंदच हवा.

कवेलूच्या घरातल्या मुलांना याहून चांगला प्रयोग घरीच मिळतो. फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल किंवा लांबट गोल का, हे विचारा. तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. फटीपासून ३ मीटरवर, किरणांना काटकोनात वही धरली तर ती सुमारे पावणेतीन सेंटिमीटरची भरते. पुठ्ठ्यात ५ मिलिमीटरचा त्रिकोण कापून उन्हात धरा. १० सेंटिमीटरवर त्रिकोण दिसतो, अडीच-तीन मीटरवर गोल. सूर्याकडे डोळा लावून भोकातून पाहायचं नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवा.

आरसा सरळ उभा आहे का?

आरशात चूक एवढीशी असते आणि परिणाम मोठा. आरसा १ अंश कलला तर परावर्तित किरण २ अंश हलतो. अर्ध्या मीटरवर हा फरक पावणेदोन सेंटिमीटर होतो, म्हणजे किरण कागद सोडून वर जातो किंवा मध्येच संपतो. पोळ्याचे बैल करायची ओली माती इथे कामाची आहे. दोन गोळ्यांत आरसा बसवा आणि वहीचा कोपरा लावून काटकोन तपासा.

नेहमीच्या आरशाला कलई मागच्या बाजूला असते. काचेच्या पुढच्या कडेला रेघ मारून स्तंभिका (आरशाला काटकोनातली रेघ) काढली तर आपाती म्हणजे आरशाकडे येणारा आणि परावर्तित किरण त्या रेघेवर एका बिंदूत मिळत नाहीत आणि मुलं जबरदस्तीने मिळवतात. रेघ मागच्या कडेला मारा. कोन मोजताना दुसरी ठरलेली गल्लत म्हणजे तो आरशापासून मोजणं. आपतन कोन, म्हणजे येणाऱ्या किरणाचा कोन, स्तंभिकेपासून मोजायचा. ४५ अंशाला दोन्ही पद्धतींनी उत्तर सारखंच येतं, म्हणून पहिलं उदाहरण ४५ अंशाचं घेऊच नका, ३० चं घ्या.

"प्रतिमा आरशावर असते" ही समज शब्दांनी जात नाही. खिडकीची साधी काच उभी करा. पुढे १५ सेंटिमीटरवर पेटती मेणबत्ती, मागे १५ सेंटिमीटरवर तेवढ्याच उंचीची विझलेली. अंधारात समोरून पाहिलं की मागचीही पेटलेली दिसते. मागची थोडी सरकवली की जादू मोडते.

पाणी, पेन्सिल आणि नाणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गोल ग्लासात पेन्सिल ठेवली की ती वाकडी दिसतेच, शिवाय जाडही दिसते, कारण पाण्याने भरलेला गोल ग्लास भिंगाचं काम करतो. एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या की मुलं गोंधळणारच. चौकोनी पारदर्शक डबा घ्या किंवा वरून तिरकं पाहा.

आकृतीत तर बरेच शिक्षकही चुकतात. हवेतून पाण्यात शिरणारा किरण स्तंभिकेकडे वळतो, म्हणून पाण्यातली पेन्सिलही तशीच खाली वळलेली काढली जाते. प्रत्यक्षात पाण्यातला भाग वर उचललेला दिसतो. पेन्सिल म्हणजे किरण नव्हे. प्रकाश तिच्यापासून निघून पाण्यातून हवेत, तुमच्या डोळ्याकडे येतो आणि स्तंभिकेपासून दूर वळतो. बाणाचं टोक डोळ्याकडे काढायची सवय लावली की ही चूक आपोआप सुटते.

भांड्याच्या कडेआड लपलेलं नाणं पाणी ओतलं की पुन्हा दिसू लागतं, त्या प्रयोगात पाणी ओतताना नाणं सरकतं. खाली कणकेचा छोटा गोळा लावून ते चिकटवा. स्टीलची चकचकीत वाटी नको, तिच्या कडेत नाण्याच्या दोन-तीन प्रतिमा दिसतात. मातीचं किंवा अपारदर्शक प्लास्टिकचं भांडं बरं. आणि मुलं नकळत मान उंचावतात, म्हणून हनुवटी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवायला सांगा. नाणं कडेआड जेमतेम लपलं की दुसऱ्याने हळू पाणी ओतायचं.

हाच धडा शेततळ्याशी जोडायलाच हवा. सरळ वरून पाहिलं तर पाण्याची खोली तीन चतुर्थांश दिसते, ३ मीटर पाणी सव्वादोन मीटर वाटतं. काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. पोहायला उतरणाऱ्या पोरांना हे माहीत असलेलं बरं.

"घन माध्यम" म्हणजे जड माध्यम, असाही समज पक्का असतो. सोयाबीनचं तेल पाण्यावर तरंगतं, तरी त्याचा अपवर्तनांक (माध्यम प्रकाशाला किती वळवतं ते सांगणारा आकडा) सुमारे १.४७, पाण्याचा १.३३. हलकं असूनही तेल प्रकाशाला जास्त वळवतं.

पाण्यात लेझरचा किरण दिसावा म्हणून कुणी चमचाभर दूध ओततं आणि सगळं पाणीच उजळतं. एक लिटरला दोन-तीन थेंब पुरे. लेझर शिक्षकांच्याच हातात राहील, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली, आणि समोर आरसा किंवा स्टीलचं भांडं नसेल हे पाहा. स्वस्त लेझरवर छापलेल्या ताकदीवर विश्वास ठेवू नका.

काचेची चीप आणि वहीतले आकडे

चिपेतून टाचण्या पाहून, त्या एका रेषेत आणून किरण काचेत किती वळतो ते मोजायचं असतं. चिपेची कडा टोकदार पेन्सिलीने आखून घ्या, नंतर ती हलता कामा नये. टाचण्या निदान ५ सेंटिमीटर अंतरावर, उभ्या टोचा. जवळजवळ टोचल्या तर रेघेची दिशा ढळते. पाहताना डोकी नव्हे, टाचण्यांचे पाय एका रेषेत आणा, कारण टाचणी कलली की डोकं खोटं बोलतं. खाली थर्माकोल किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर ठेवा.

आपतन कोन १० अंशाचा घेऊ नका. कोनमापकावर १ अंशाची चूक कुणाचीही होते, आणि एवढ्या लहान कोनाला त्या चुकीने अपवर्तनांक १.३ पासून १.८ पर्यंत कुठेही जातो. ४५ अंशाला अपवर्तन कोन (काचेतल्या किरणाचा) सुमारे २८ येतो. तो २७ मोजला तर उत्तर १.५६, २९ मोजला तर १.४६. म्हणून ३०, ४५, ६० अशी तीन वाचनं घेऊन सरासरी काढायला लावा, आणि ज्याच्या वहीत तिन्ही वेळा बरोब्बर १.५० आहे त्याच्याकडून प्रयोग पुन्हा करून घ्या.