सहा महिने कुलूप लागणाऱ्या घराचा विमा कसा काढावा

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सहा महिने न्यू जर्सीला गेलो होतो. तिसऱ्या महिन्यात इथे पुण्यात आमच्या वॉटर प्युरिफायरची नळी निसटली. खालच्या शेजाऱ्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं तेव्हा कुठे कळलं. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न होता, "घर कधीपासून बंद होतं?" विमा होता, हप्ता भरलेला होता, पण घर बंद राहणार हे आम्ही कंपनीला कळवलंच नव्हतं. क्लेम अडकला तो तिथेच.

म्हणून तिकिटं निघाली की आधी पॉलिसी काढून वाचा. 'अनऑक्युपाइड', म्हणजे कोणी राहत नसलेलं, हा शब्द शोधा. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची मान्यता घेतलेली नसली, तर संरक्षण थांबे. आजही अनेक पॉलिसींत, विशेषतः घरफोडीच्या कव्हरमध्ये, दिवसांची अशी मर्यादा असते. जाण्याची आणि परतण्याची तारीख, किल्ली कोणाकडे, हे सगळं कंपनीला ईमेलने कळवा आणि पॉलिसीवर तशी एन्डॉर्समेंट, म्हणजे लेखी नोंद, मागा. एजंटचं तोंडी "काही होत नाही हो" क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

विमाच नसेल तर 'भारत गृह रक्षा' पॉलिसीपासून सुरुवात करा. 1 एप्रिल 2021 पासून ती प्रमाणित स्वरूपात मिळते. आग, भूकंप, पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे तिच्यात येतं. रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव धरू नका. जमिनीची किंमत त्यात मिसळलेली असते. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढंच. समजा 700 चौरस फूट आणि दर 2,500 रुपये, तर विमा 17.5 लाखांचा. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे 3.5 लाखांचं संरक्षण मिळतं (कमाल 10 लाख). सामान जास्त असेल तर रक्कम वाढवून घ्या. पॉलिसी 10 वर्षांपर्यंत घेता येते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख परदेशात असताना येण्याची भीती उरत नाही.

आता चोरीबद्दल, कारण बंद घराची खरी धास्ती तीच. मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती फक्त आग, पूर अशा एखाद्या विमित घटनेमुळे 7 दिवसांच्या आत झाली तर. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं. त्यातही बहुधा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा मागतात. किल्लीने दार उघडून कोणी वस्तू नेली तर वाद उभा राहतो. शेजाऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारीही वेगळी घ्यावी लागते. आमच्याकडे ती नव्हती, खालचं छत आम्ही स्वतःच्या पैशांनी करून दिलं.

दागिने घरात ठेवू नका, लॉकरमध्ये ठेवा. पण लॉकरमधल्या ऐवजाचाही बँक विमा काढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच असते; पूर-भूकंपात तीही नाही. म्हणून मौल्यवान वस्तूंचं वैकल्पिक कव्हर विचारा, आणि ते लॉकरलाही लागू आहे का ते लेखी घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा मेन कॉक आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. बिलं, पॉलिसी आणि व्हिडिओ मुलांच्या ईमेलवर पाठवा.

एका विश्वासू माणसाला किल्ली द्या आणि दर आठ-पंधरा दिवसांनी घर उघडून बघायला सांगा. त्याने तारखेसह फोटो पाठवले तर तो पुरावाच. पोलिसांत तक्रार देणं, सर्व्हेअरला दार उघडणं त्यालाच करावं लागेल, तेव्हा सही केलेलं अधिकारपत्र त्याच्याकडे ठेवा. ओटीपीसाठी भारतातला नंबर रोमिंगवर चालू राहू द्या.

कंपनीने क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. तिच्या तक्रार विभागाकडे दाद मागूनही भागलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. त्याला फी नाही, आणि पुणे व मुंबई दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत.