सोलापुरात ठेंगणा बांबू लावताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की बागेची हौस असलेल्या ओळखीच्यांकडून हमखास एक तक्रार येते: ‘बांबूची पानं टोकाकडून करपायला लागलीत, दोन-दोन वेळा पाणी घालतोय तरी.’ जाऊन बघावं तर कुंडीतली माती चिखल झालेली आणि मुळं कुजायला लागलेली.

नर्सरीत पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा बुटका बांबू मिळतो, तो बहुधा प्लिओब्लास्टस फॉर्च्युनी. मूळचा जपानचा, नाव रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकावरून पडलेलं. उंची साधारण तीन-चार फूट. (काचेच्या भांड्यात पाण्यावर वाढवतात तो ‘लकी बांबू’ मुळात बांबूच नाही, ती ड्रॅसिना नावाची वेगळीच वनस्पती.) ओलसर हवेतलं हे झाड आपण मे महिन्यात 42-43 अंशांत, कोरड्या वाऱ्यात ठेवतो. त्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथंच आहे.

म्हणून सगळ्यात मोठी चूक जागेची. पश्चिमेच्या भिंतीलगत किंवा गच्चीवर तो टिकत नाही. पानातल्या पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे आधी तोच भाग कागदासारखा वाळतो. सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळालं की पुरे, पुढं सावली हवी. कुंड्या होळीच्या आत हलवा. जमिनीत लावला असेल तर पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा.

पाण्याचं गणित पानंच सांगतात. तहान लागली की बांबू पान मधल्या शिरेवर मिटून सुरळी करतो. दुपारी सुरळी दिसली म्हणून लगेच पाइप घेऊन धावू नका, कडक उन्हात तो स्वतःला जपत असतो. संध्याकाळी पानं उलगडली तर काळजी नाही. सकाळी सहालाही ती मिटलेलीच असतील तर दोन इंच बोट मातीत घालून बघा. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळांना हवा मिळत नाहीये, तेव्हा पाणी थांबवा आणि कुंडीचं भोक मोकळं करा.

आता पाणी कुठलं, हा सोलापुरातला खरा प्रश्न. नळाला रोज पाणी येत नाही, मग झाडांच्या वाट्याला बोअरचं जड पाणी येतं. कुंडीच्या कडेला पांढरा खार चढलेला दिसला की समजावं, पानांची टोकं त्यानंच जळताहेत. महिन्यातून एकदा नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी भोकातून वाहून जाईपर्यंत घाला, खार धुऊन निघतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, अशा वेळी चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) हलकी फवारणी उपयोगी पडते.

नुसती काळी माती तर अजिबात नको. पावसाळ्यात ती चिबडते, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. पोयटा, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्या.

‘ठेंगणा आहे, जाऊन जाऊन जाईल कुठं?’ हा समज मलाही महागात पडला. हा पसरणारा बांबू आहे, त्याचे जमिनीतले कंद आडवे धावतात. मी वाफ्याभोवती शहाबादी फरशा उभ्या गाडल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात दोन फरशांच्या सांध्यातून बोटभर जाडीचा, पिवळसर, गाठीगाठींचा कंद पलीकडं निघाला आणि गुलाबाच्या आळ्यात कोंब उभे राहिले. गुलाब उपटूनच ते काढावे लागले. सांधा नसलेली जाड प्लॅस्टिकची पट्टी दोन फूट खोल घाला, वर दोन इंच दिसू द्या. नाहीतर सरळ कुंडीतच ठेवा. कुंडी मात्र मातीवर टेकवू नका, विटांवर ठेवा, भोकातूनही कंद खाली उतरतो.

लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड, कोरड्या हवेत तो येतोच. पानांची खालची बाजू आठवड्याला पाण्यानं धुतली तर तो सहसा वाढत नाही.

छाटणीबद्दल परदेशी पुस्तकं हिवाळ्याच्या शेवटी जमिनीसरसा कापायला सांगतात. आपल्याकडं त्या वेळी कापलं तर कोवळी पानं थेट मार्चच्या उन्हात सापडतात. मृगाच्या चार सरी पडू द्या, मग कापा. आणि बुडाशी पडलेला पाचोळा झाडून टाकू नका. त्यातली सिलिका बांबूला परत मिळते, शिवाय मातीत ओल टिकते.