डायोड चालू की बंद? आधी धरा, मग ताडून बघा

सेलूत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सोयाबीनच्या फवारण्या सुरू झाल्या की बॅटरीवाल्या पंपांची रीघ लागते. मागच्या हंगामात एका पंपाच्या बॅटरीच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरानं मोटारीच्या वाटेवरल्या डायोडवर, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागावर, मीटर लावलं, १२ व्होल्ट दिसले, आणि म्हणाला, "काका, डायोड उडाला." डायोड धडधाकट होता. मोटार त्यानंच वाचवली होती. तेव्हापासून मी प्रत्येक लेकराला आधी हे शिकवतो.

९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४००७ नंबरचा डायोड एकामागं एक जोडा. चंदेरी पट्टीचं टोक कॅथोड, दुसरं अॅनोड. ते निगेटिव्हकडं ठेवा. आता डायोड चालू आहे असं धरा. सिलिकॉनच्या डायोडवर ०.७ व्होल्ट जातात, रेझिस्टरला उरतात ८.३. म्हणजे करंट ८.३ मिलिअँपिअर, अॅनोडकडून कॅथोडकडं. दिशा बरोबर, म्हणून धरलेलं खरं.

डायोड उलटा करा. पुन्हा चालू धरलं तर करंट उणे ९.७ मिलिअँपिअर येतो. उणे करंट म्हणजे आपण चुकीचं धरलं. डायोड बंद आहे. करंट शून्य, म्हणून रेझिस्टरवरही शून्य व्होल्ट. मग बॅटरीचे ९ व्होल्ट जातील कुठं? सगळे डायोडवर. पोरं इथंच अडखळतात. करंट नाही म्हणजे व्होल्टेजही नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. बंद दारावरच सगळा रेटा येतो, हे मीटर लावून डोळ्यांनी बघा. पंपावरचे ते १२ व्होल्ट हेच होते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डायोड पुन्हा सुलटा करा आणि त्याला समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर लावा. दिशा सुलटी आहे, म्हणजे चालूच असणार ना? बंद धरून बघा. मग ९ व्होल्ट १००० आणि ४७ ओहममध्ये वाटले जातात. ४७ च्या वाट्याला ९ गुणिले ४७ भागिले १०४७, म्हणजे साधारण ०.४ व्होल्ट. डायोडला ०.७ हवेत, मिळतात ०.४. सुलटा असूनही तो बंदच!

४७ काढून १०० ओहम लावा. बंद धरलं तर ०.८२ व्होल्ट येतात, ०.७ पेक्षा जास्त, म्हणजे चालू. मग १०० ओहममधून ७ मिलिअँपिअर जातात, १ किलोओहममधून येतात ८.३, उरलेले १.३ डायोडमधून.

मीटरवर ०.७ च्या जागी ०.६ च्या आसपास दिसेल, घाबरू नका. करंट कमी असला की व्होल्टेजही थोडं कमी पडतं. शिवाय तापमान एक अंशानं वाढलं की ते सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी हे मीटरवर सहज दिसतं.

पंपात बदली डायोड टाकताना मात्र ४००७ नको, तो १ अँपिअरचाच. मोटार २-३ अँपिअर ओढत असेल तर त्याहून मोठ्या करंटचा घ्या.