चार दिवस बाहेरगावी जाताना कॅमेलिऑनची सोय

बाहेरगावी जायचं म्हटलं की कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्याला पहिली चिंता लागते ती त्याच्या खाण्याची. खरं तर पूर्ण वाढलेला, धडधाकट व्हेल्ड किंवा पँथर जातीचा कॅमेलिऑन एरवीही एक दिवसाआड खातो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तरी त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाण्यावाचून. वाटीतलं साचलेलं पाणी सहसा त्याच्या लक्षातही येत नाही, तो पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. तेव्हा तयारीचा मोठा वाटा पाण्यावर खर्च करा.

त्याआधी एक गोष्ट. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू रोज खातं, त्याला असं सोडून जाऊ नये. आजारी प्राण्यालाही नाही. पोटात अंडी असलेली मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालत असेल, माती उकरत असेल, तर सहल पुढे ढकला. उकरताना कोणी अचानक समोर आलं तर ती काम सोडून देते, आणि अंडी पोटात अडकली तर जिवावर बेतते.

फवारणीचं यंत्र टायमरवर असेल तर टाकी अंदाजाने भरू नका. नोझल मापाच्या भांड्यात धरून एक मिनिट चालवा. समजा 100 मिली पाणी आलं आणि दिवसाची फवारणी 6 मिनिटं आहे (3 पहाटे दिवे लागण्याआधी, 3 रात्री विझल्यावर), तर चार दिवसांना 2.4 लिटर लागेल. टाकीत 4 लिटर तरी ठेवा, कारण कोरडा चाललेला पंप जळू शकतो. एवढं पाणी शेवटी खालीच येणार, म्हणून तळाचा ट्रे ते सामावून घेईल ना, हेही बघा. टाकी नोझलपेक्षा खालच्या पातळीवरच हवी. वर ठेवली तर पंप बंद झाल्यावरही पाणी वक्रनलिकेसारखं झिरपत राहतं आणि सकाळी टाकी रिकामी, फरशी ओली. क्षारांनी नोझल तुंबतात, ती आदल्या आठवड्यात व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा आणि टाकीत शक्यतो आरओचं पाणी घाला.

यंत्र नसेल, किंवा असूनही त्यावर पूर्ण भरवसा नसेल, तर ठिबक लावा. प्लास्टिकच्या पेल्याला तळाशी टाचणीने भोक पाडून तो जाळीच्या छतावर, पानांच्या बरोबर वर ठेवायचा. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला साधारण 180 मिली होतं.

दिव्यांचा टायमर 12 तासांचा. चाकाचा टायमर वीज गेली की तेवढाच मागे पडतो, बॅटरीचा आधार असलेला डिजिटल घेतलेला बरा. बास्किंगच्या (दिव्याखाली ऊब घेत बसण्याच्या) फांदीवर 29 ते 32 अंश सेल्सिअस हवं, पण ते खिडक्या-दारं लावून मोजा, कारण बंद खोली तापते आणि उघड्या खोलीतला आकडा तिथे खोटा ठरतो. निघायच्या आदल्या दिवशी नवा बल्ब, नवी फांदी असले प्रयोग नकोत.

आता खाणं. मूठभर रातकिडे पिंजऱ्यात सोडून निघून जाणं ही सर्वात वाईट युक्ती. उरलेले किडे कुंडीत लपतात आणि रात्री झोपलेल्या कॅमेलिऑनची बोटं, पापण्या कुरतडतात. चढून बाहेर येता येणार नाही अशा गुळगुळीत, उंच कडांच्या वाटीत पाच-सहा डुबिया झुरळं किंवा रेशमाच्या अळ्या द्यायच्या. वाटीतून खायची सवय मात्र आधीपासून हवी. एकेका वेळचे किडे मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरा आणि डब्यावर वार लिहा. डी-3 जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियमची चिमूटभर पूड वेगळी द्या, ती देण्याच्या वेळी डब्यात टाकून हलवली की झालं.

हे सगळं जमलं तरी रोज निदान एकदा कोणीतरी यायलाच हवं. प्राण्याला दुसऱ्याच्या घरी हलवण्यापेक्षा माणसाने इथे यावं. त्याला एकदा तुमच्यासमोर सगळं करायला लावा आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवा:

«दिवे चालू आहेत का? टाकीतलं पाणी लाल रेघेच्या वर आहे का? पेला भरा. सोमवार आणि बुधवार: डबा वाटीत रिकामा करा, संध्याकाळी उरलेले किडे काढा. दार नीट लावा. हातात घेऊ नका. फुगला, काळवंडला, फिस्कारला तर मागे सरा, तो घाबरलाय. विष्ठेचा फोटो पाठवा.»

फोटो उगाच नाही. विष्ठेबरोबर पडणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग पांढरा असेल तर पाणी पुरतंय. नारिंगी झाला की फवारणी वाढवायला सांगा. डोळे खोल गेले, भरदिवसा मिटलेले दिसले किंवा तो तळाशी पडून राहिला, तर परतायची वाट न पाहता सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचं. तो नंबर चिठ्ठीवरच लिहा.

निघण्याच्या तीन दिवस आधीपासून सगळं टायमरवर सोडा आणि स्वतः हात लावू नका. तुंबणारं नोझल, गळणारी नळी काय ती याच तीन दिवसांत सापडेल. शेवटच्या सकाळी त्याचं वजन करून लिहून ठेवा. परत आल्यावर आधी पाच मिनिटं फवारणी, तो पाणी प्यायला की मग वजन आणि खाणं त्यानंतर.