स्पॅनिश ‘काबो’ पाठ करताना एक युक्ती

स्पॅनिश शिकताना बोटीवर पाय ठेवणार असाल, तर ‘काबो’, म्हणजे दोर, हा शब्द आधी शिका. दोरीला रोजच्या स्पॅनिशमध्ये ‘क्वेर्दा’ म्हणतात, पण बोटीवर तो शब्द काढलात की नवखे म्हणून ओळखले जाल. तिथल्या खलाशांचं म्हणणंच आहे की बोटीवर क्वेर्दा एकच, घड्याळाची! (क्वेर्दा म्हणजे घड्याळाची चावीसुद्धा.)

अडचण अशी की काबोला अर्थ बरेच. दोर, भूशिर, शेवटचं टोक, शिवाय सैन्यातला एक हुद्दा, आपल्याकडच्या नाईकासारखा. यादी करून घोकू नका, उपयोग होत नाही. शब्द शेजाऱ्यांसकट उचला. ‘लार्गा एल काबो’ म्हणजे दोर सोड, ‘कोब्रा एल काबो’ म्हणजे ओढून घे. बाजारात मात्र हेच ‘कोब्रार’ पैसे घेण्यासाठी वापरतात. पुढे ‘दे’ आणि एखादं नाव आलं, उदाहरणार्थ काबो दे गाता, की भूशिर समजा. ‘अल काबो दे उन रातो’ म्हणजे थोड्या वेळानं. इथे दोराचा काही संबंध नाही.

भूशिर हा अर्थ आपल्याला तसा जवळचा. पोर्तुगीजमध्येही भूशिराला काबोच म्हणतात, म्हणून गोव्यात काबो दे राम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डोकं, आणि मराठी ‘भूशिर’मध्येही शिर आहेच.

शिडाच्या दोरांना वेगळी नावं असतात: शीड वर चढवणारा ‘द्रिसा’, ताणून धरणारा ‘एस्कोता’. ती काबो पक्का झाल्यावर घ्या.