लाइव्ह चालू असताना कॅमेरा बदलताय? या चुका टाळा

सप्ताहाचं कीर्तन असो नाहीतर कुस्तीचं मैदान, लाइव्ह मधेच तुटलं की सगळे आधी नेटला शिव्या घालतात. मी जेवढी लाइव्ह तुटताना बघितलीत त्यातली निम्मी तरी सोर्स, म्हणजे चित्र जिथून येतं तो कॅमेरा किंवा मोबाइल, बदलताना ऑपरेटरच्या हातानं तुटलीत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्ट्रीम थांबवून सोर्स बदलणं. लॅपटॉपवरून चाललेलं असतं, आता दिंडीबरोबर फिरायचंय म्हणून पोरं ओबीएसमधे (लाइव्ह पाठवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) स्टॉप दाबतात आणि तीच स्ट्रीम की, म्हणजे यूट्यूबनं त्या लाइव्हला दिलेला कोड, मोबाइलच्या ॲपमधे टाकतात, दहा सेकंदांचाच तर प्रश्न आहे म्हणतात. पण यूट्यूबच्या सेटिंगमधे ऑटो-स्टॉप चालू असेल तर डेटा यायचा थांबला की थोड्याच वेळात ते कार्यक्रम संपला असं धरतं, आणि संपलेली लिंक परत सुरू होत नाही.

एका गावात काल्याच्या कीर्तनाला माझ्याबरोबरच्या पोरानं हेच केलं, मी मंडपामागे केबल बघत होतो. नवी लिंक करून ग्रुपवर टाकेपर्यंत हंडी फुटली. एका आजीसाठी नातवानं टीव्हीवर लावून दिलेलं, त्याचा नंतर फोन आला, चिडला नाही, नुसतं विचारलं की परत बघता येईल का. आमच्याकडे रेकॉर्डिंगही नव्हतं. तो फोन मी अजून विसरलो नाही.

तेव्हापासून माझ्याकडे यूट्यूबला पाठवणारं मशीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. मोबाइल हवा असेल तर तो व्हीडीओ निंजा (VDO.Ninja, मोबाइलचा कॅमेरा नेटवरून ओबीएसमधे आणणारी वेबसाइट) च्या लिंकनं ओबीएसमधे ब्राउझर सोर्स म्हणून येतो, आणि बदलायचा तो फक्त सीन, म्हणजे ओबीएसमधे आधीच रचून ठेवलेलं चित्र. ऑटो-स्टॉप आधीच बंद. ओबीएसच्या जनरल सेटिंगमधे स्ट्रीम थांबवताना विचारायची टिक आहे, ती चालू. लोकल रेकॉर्डिंग चालू. आणि मंडळाचा फोटो असलेला एक सीन कायम तयार, काही बिघडलं की आधी तिकडे जायचं, मग दुरुस्ती.

दुसरी चूक आवाजाची. माइक फक्त पहिल्या सीनमधे टाकलेला असतो, कॅमेरा दोनवर गेलं की चित्र चालू आणि महाराज मुके. स्टेजजवळ बसलेल्या ऑपरेटरला महाराज समोर ऐकू येत असतात, त्यामुळे पाच-पाच मिनिटं पत्ता लागत नाही. साउंड मिक्सरची लाइन ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमधेच ग्लोबल लावा, म्हणजे ती सगळ्या सीनला लागते, आणि कानाला हेडफोन लावून दुसऱ्या मोबाइलवर स्वतःचं लाइव्ह ऐका. हेडफोनचा कंटाळा करणाऱ्याला मी मशीनवर बसवत नाही.

ओबीएसमधल्या कॅमेरा सोर्सला "दिसत नसताना बंद कर" ही टिक असेल तर काढा, नाहीतर सीन बदलला की कॅमेरा जागा होईपर्यंत काळं दिसतं.

स्वस्तातला एचडीएमआय स्विच म्हणजे व्हिडिओ मिक्सर नाही, बटण दाबलं की सिग्नल तुटून परत जुळतो. एटेम मिनीसारखा मिक्सर भाड्यानं आणा.

एक कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर आणि दुसरा 30 वर ठेवू नका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवलं की लुकलुक जाते.

ब्रॉडबँडवरून हॉटस्पॉटवर उडी मारली की आरटीएमपीचं, म्हणजे ओबीएस ज्यावरून यूट्यूबला लाइव्ह पाठवतं ते कनेक्शन तुटतंच. ओबीएसचं ऑटो-रीकनेक्ट चालू असेल आणि ऑटो-स्टॉप बंद असेल तर त्याच लिंकवर परत जोडलं जातं. घरी अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्याला दिसणारं) लाइव्ह लावून मुद्दाम केबल उपटून बघा, मंडपात पहिल्यांदा बघायची ही गोष्ट नाही.