मच्छीमार संस्थांनो, अनुदानाच्या प्रस्तावात या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै अशी पावसाळी बंदी लागते, होड्या शाकारून होतात आणि संस्थांच्या कार्यालयात प्रस्तावांचे दिवस सुरू होतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मच्छीमार सोसायट्यांचे आणि बचत गटांचे प्रस्ताव मी बरीच वर्षे तपासून देतो आहे. गावे बदलतात, अध्यक्ष बदलतात, चुका त्याच राहतात. त्यामुळे ज्यांचे नुकसान होते त्यांना पुन्हा उभे राहायला दोन-तीन हंगाम जातात, म्हणून हे लिहितो आहे.

टक्केवारीपासून सुरुवात करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2020 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरले. लोकांनी आकडा तेवढा लक्षात ठेवला. खर्च कितीही झाला तरी हे टक्के योजनेने ठरवलेल्या कमाल प्रकल्प किमतीपर्यंतच मिळतात, हे मात्र निम्म्या प्रस्तावांत कुणाच्या गावी नसते.

एका संस्थेने बर्फ कारखान्याचा प्रस्ताव केला. कारण विचारले तर, ‘शेजारच्या बंदराला मिळाला.’ रोज 10 टनांचा कारखाना, कोटेशन 52 लाखांचे. अनुदान 20 लाख 80 हजार धरलेले. योजनेत या क्षमतेसाठी मर्यादा 40 लाखांची, म्हणजे अनुदान 16 लाख. 4 लाख 80 हजारांचा खड्डा पहिल्याच पानावर पडला होता आणि तो कुणाला दिसला नव्हता. पुढे तो सभासदांकडून वर्गणी काढून भरला.

पण खरा घात पाण्याने केला. रोज 10 टन बर्फ म्हणजे नुसत्या बर्फालाच 10 हजार लिटर गोडे पाणी, यंत्राचा कंडेन्सर थंड ठेवायला लागणारे वेगळे. विहीर पाहिली होती जानेवारीत. एप्रिलअखेर तिचे पाणी मचूळ झाले, मे महिन्यात खारट. त्या पाण्याची लादी ठिसूळ, होडीच्या खणात नीट टिकेना. नौकामालक पुन्हा जुन्या कारखान्याकडे वळले. टँकर लावला तर बर्फ परवडेना. त्यात बंदीचे दोन महिने गिऱ्हाईक नाही, पण विजेचा स्थिर आकार आणि बँकेचे व्याज चालूच. मी गेलो तेव्हा बर्फाचे डबे टाकीशेजारी उपडे रचून ठेवले होते आणि तळाला गंज धरला होता. संस्थेच्या सचिवाने स्वतःच्या घरावर कर्ज काढून हप्ते भरले. तो माणूस अप्रामाणिक नव्हता, त्याला घाई झाली होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. विहिरीचे पाणी मे महिन्यातच तपासायला पाठवायचे, वर्षभर थांबावे लागले तरी चालेल. आणि मागच्या दोन वर्षांची बर्फखरेदीची बिले नौकामालकांकडून गोळा करून, महिन्यागणिक किती टन उचलला ते वहीत मांडायचे. त्याशेजारी पेन्सिलीने तीन रकाने: कोटेशन, योजनेची मर्यादा, मिळणारे अनुदान. या रकान्यांनी मी निम्मे प्रस्ताव तिथल्या तिथे थांबवले आहेत, आणि थांबवल्याचे मला समाधान आहे.

‘60 टक्क्यांसाठी बायकोचे नाव लावू’

हा सल्ला देणाऱ्या एजंटांविषयी मला मनापासून राग आहे. मासळी गार ठेवून नेणाऱ्या इन्सुलेटेड गाडीची मर्यादा 20 लाखांची. पुरुषाच्या नावाने 8 लाख, बाईच्या नावाने 12 लाख, असा हिशेब करून एका कोळणीच्या नावावर गाडी घेतली. गाडी फिरायची एका व्यापाऱ्याकडे. त्याचे आणि तिच्या घरच्यांचे बिनसले, हप्ते थकले, नोटीस तिच्या नावाने आली. मासळीची पाटी घेऊन बाजारातून आलेली ती बाई मला म्हणाली, ‘भाऊ, मी सही केली. गाडीत मी एकदाही बसले नाय.’

तिला खरी गरज होती पहाटे बंदरावरून बाजारात माल नेणाऱ्या बर्फपेटीच्या तीनचाकीची. तीही योजनेत होती, मर्यादा 3 लाख, तिच्या वाट्याचे अनुदान 1 लाख 80 हजार. तिला कुणी विचारलेच नाही. आपल्या किनाऱ्यावर मासळीचा पैसा बाईच्या हातून घरात येतो, आणि प्रस्तावात तिची फक्त सही लागते, हे मला सहन होत नाही.

आता मी अर्ज त्या बाईच्या घरी बसून तिला वाचून दाखवतो आणि तीन प्रश्न विचारतो: हप्ता किती, तो कुठल्या पैशातून भरणार, किल्ली कुणाकडे राहणार? तिन्हींची उत्तरे तिच्या तोंडून आली नाहीत तर त्या कागदाला मी हात लावत नाही.

जागा

बंदराजवळच्या मोकळ्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवतो म्हणून ती जागा संस्थेची होत नाही. आधी सातबारा काढा, मग सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या नियमांच्या, नकाशात जागा कुठल्या पट्ट्यात येते ते पाहा, आणि बंदरांचा कारभार पाहणाऱ्या राज्याच्या मेरीटाईम बोर्डाची असेल तर परवानगीला सर्वात आधी हात घाला, कारण सर्वात जास्त वेळ तिथेच जातो. सातबारा सामाईक असेल तर मुंबईतल्या चुलत्यांच्या सह्या गणपतीत गावी येतील तेव्हाच घ्या. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरू नका.

बाकीच्या चुका

मंजुरीपत्र हातात येण्याआधी यंत्र खरेदी करू नका, ॲडव्हान्सही देऊ नका.

आधार, पासबुक आणि सभासद रजिस्टरात नाव एकाच पद्धतीने लिहिलेले हवे.

दुसऱ्या गावाचा प्रकल्प अहवाल उतरवू नका. चौथ्या पानावर त्यांच्या खाडीचे नाव राहून गेलेले मी पाहिले आहे, आणि अधिकाऱ्यानेही पाहिले.

अनुदानातून डिझेल आणि खलाशांची उचल भागत नाही. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. ते 2018-19 पासून मच्छीमारांनाही खुले आहे, त्याचा अर्ज वेगळा करा.

स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला आपला वाटा, ‘नंतर बघू’ म्हणू नका. अनुदान काम दाखवल्यावर येते, तोवर पैसा तुमचाच फिरतो.

आणि प्रस्तावातल्या उणिवा कळवणारे त्रुटीपत्र आले म्हणून ओळखीचा माणूस शोधत जिल्ह्याला पळू नका. पत्रातल्या क्रमांकानुसार उत्तर लिहा, प्रत्येक उत्तरापुढे जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक टाका, आवक शिक्क्याची पोच घ्या. त्या पोचेची झेरॉक्स संस्थेच्या कपाटात ठेवा, सचिवाच्या घरी नको. सचिव बदलला की ती फाईल परत मिळवायला मी स्वतः आठ-आठ फेऱ्या मारल्या आहेत.